तीनदा नको

“पोरीला माझ्या हातचं गोड लागत नाही. एका भाकरीवर उठते. आठ दिवस माहेरी धाडू या तिला,” असे एकदा एका आचार्यांची पत्नी त्यांना म्हणाली. हे शब्द ओसरीवर बसलेल्या आचार्यांसाठी होते. दाराआड ताक करणाऱ्या सुनेसाठी नव्हते. रेवतीची रवी थांबली, आणि थांबल्याचे कोणाला कळू नये म्हणून लगेच पुन्हा फिरू लागली.

आचार्यांनी एवढेच विचारले, “ती ‘नको’ किती वेळा म्हणते?”

“एकदाच. मी एकदाच तर विचारते.”

“बरं,” म्हणून त्यांनी पोथी उघडली.

रेवतीच्या लग्नाला तीन आठवडे झाले होते आणि तीन आठवडे ती अर्धपोटी होती. तिचे माहेर वऱ्हाडातले. तिथे पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणारा हावरट ठरे. पहिले ‘नको’ रीतीचे, दुसरे लाजेचे, आणि तिसरे वाढणारी बाई ऐकतच नसे. भाकरी ताटात पडलेली असे. घाटाखालच्या या घरात सासूबाई ‘आणखी?’ म्हणत, रेवती ‘नको’ म्हणे, आणि टोपली पुढे जाई. पहिल्या दिवशी तर टोपली परत येईल म्हणून ती हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहिली होती. नवऱ्याला यात काही वावगे दिसले नाही. तो याच घरात वाढला होता. भूक लागली की मागत होता.

आता सांगावे, तर ‘तुम्ही मला पोटभर वाढत नाही’ असा आळ सासूवर यायचा. न सांगावे, तर माहेरची वाट. आणि लग्नानंतर महिन्याच्या आत परतलेल्या मुलीबद्दल गाव काय बोलते, हे तिला ठाऊक होते.

त्या दिवशी आचार्यांचा शिष्य जेवायला होता. सकाळच्या पाठात त्याने ठासून मांडले होते, की तिळात तेल असावे तसा शब्दाचा अर्थ शब्दातच असतो. कोश पाठ असला की माणसाचे कुठे अडत नाही. कोश त्याला पाठ होता, आणि तसे तो दिवसातून दोनदा तरी सांगे. आचार्यांनी त्याचे खंडन केले नाही. जेवताना बोलू, असे म्हणाले.

पुरुषांची पाने मांडली गेली. आचार्यांची पहिली भाकरी संपली, तशा सासूबाई टोपली घेऊन आल्या.

“आणखी?”

“नको.”

टोपली पुढे गेली. आचार्य रिकाम्या ताटाकडे पाहत पुन्हा म्हणाले, “नको.” थोडे थांबून तिसऱ्यांदा म्हणाले, “नको, नको, खरंच नको.” मग हात ताटात तसाच ठेवून ते बसून राहिले. ताक वाढणाऱ्या रेवतीचे भांडे हातातच राहिले.

“अहो, बरं आहे ना? तुम्हाला विचारतंय कोण?” सासूबाई म्हणाल्या.

“कोणी विचारत नाही, हीच तर अडचण. माझी तीन ‘नको’ म्हणून झाली. आता भाकरी यायला हवी.”

शिष्याचा घास हातात थांबला. आचार्य त्याच्याकडे वळले. “विद्यार्थी असताना मी वऱ्हाडात वार लावून जेवत असे, रोज वेगळ्या घरी. पहिल्या दिवशी पोट भरलं म्हणून तीनदा ‘नको’ म्हणालो, तर दोन भाकऱ्या ताटात पडल्या. मला वाटलं, ही माणसं माझी थट्टा करतात. महिनाभर पोट दुखल्यावर कळलं, की तिथं ‘नको’पासून बोलणं सुरू होतं. आपल्याकडे ते तिथं संपतं. कोशात दोन्हीकडे अर्थ एकच दिलेला आहे. तेव्हा नुसता शब्द फोडत बसू नकोस. तो ऐकून समोरचा माणूस काय करतो ते बघ. अर्थ तिथं सापडतो.”

“पण गुरुजी, मग दोघांतलं बरोबर कोणाचं?”

“ते सावकाश ठरव. आधी उपाशी कोण राहिलं, ते बघावं.”

हे बोलताना त्यांनी रेवतीकडे पाहिले नाही. सासूबाईंनी पाहिले. मग आचार्यांना भाकरी वाढली. शिष्यानेही, कोणी न विचारता, आपले ताट पुढे केले.

एरवी सासूबाई सुनेबरोबरच जेवायला बसत. आज त्यांनी स्वतःचे पान मांडले नाही. पदर खोचून, टोपली मांडीशी घेऊन, मोहिमेवर निघाल्यासारख्या त्या रेवतीसमोर बसल्या. तिची भाकरी संपली.

“आणखी?” त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता खालच्या आवाजात पुढे बोलल्या, “तीनदा विचारायचं ना गं? विचारते मी. मला रीत ठाऊक नव्हती.”

माहेरचे ‘नको’ रेवतीच्या ओठांपर्यंत आले होते. आता ते म्हटले असते तरी चालले असते. ओसरीवर आचार्य आणि शिष्य बोलायचे थांबले आहेत, हे तिच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली,

“एकदाच पुरे, आई. दोन हव्यात. आणि तुमच्या हातचं मला पहिल्या दिवसापासून गोड लागतं.”