गुरुवारचे सिंहासन

गुरुवार उजाडला आणि सोनखडच्या रणधवलराजांना सिंहासनावरून उठावे लागले. कारण साधे होते. राज्याची पत्रे, सणवारांच्या तारखा, राणीसाहेबांची छायाचित्रे, सगळे हिंमतशेठच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि संगणकही शेठच्याच घरी. नव्या शर्ती आल्या. नऊशे पाने! महाराजांनी न वाचता 'मान्य' दाबले. सातशे बाराव्या पानावर लिहिले होते : दर गुरुवारी सिंहासनावर शेठ बसेल.

शेठ बसला. वर म्हणाला, "पुढच्या शर्तींत शुक्रवारही आहे!"

महाराजांनी शेठच्या मदतनिसाला विचारून पाहिले होते. तो म्हणाला, राज्य एकदा बंद करून चालू करा. सारी प्रजा वेशीबाहेर जाऊन परत आत आली. फरक शून्य.

महाराजांच्या तोंडून हे ऐकून ताकाची घागर घेऊन आलेली येसू गवळीण खुदकन हसली.

"हसतेस काय?" महाराज गरजले.

"महाराज, माझ्या म्हशींचे फोटो, वंशावळ, लसीच्या तारखा, सगळं माझ्या गोठ्यातल्या जुन्या संगणकावर आहे. सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे कुणीही उघडून बघावं, कुणालाही वाटून द्यावं असं. फोटोंना एक, तारखांना एक, पत्रांना एक. मला कुणी शर्ती धाडत नाही. तुम्हीपण तेच घ्या!"

"शहाणीच आहेस! मग ऐक. ते माझ्याच घरात राहिलं पाहिजे. त्याचं पोट कुणीही उघडून बघावं, तरी चोर शिरू नये. साऱ्या गावाला वाटून द्यावं, तरी माझं कमी होऊ नये. आणि दिवस मावळायच्या आत हा शेठ खाली उतरला पाहिजे. नाही जमलं तर तुझ्या सातही म्हशी जप्त!"

येसूने पदर खोचला. म्हशींवरच तिचे घर चालत होते. ती तडक घरी गेली. संगणक डोक्यावर घेऊन परतली आणि राजवाड्यात मांडला. दुपार कलेपर्यंत महाराजांच्या हुकमाने शेठकडची पत्रे, तारखा, छायाचित्रे सारी त्यात उतरली. सोबत तिने ताकाने भरलेला, कल्हईचा पितळी पेलाही आणला होता.

"पोट उघडं आणि चोर नाही?" शेठ खेकसला. "अशक्य!"

"शेठ, किल्ल्याच्या दरवाजाचा नकाशा कुठं असतो?"

"चावडीवर. दरसाल सुतार बघतात, खोट काढतात."

"मग किल्ला पडला?"

"कसा पडेल? किल्ली महाराजांच्या कमरेला आहे!"

"हेही तसंच. शंभर सुतारांनी बघितलेला दरवाजा. तुमचा दरवाजा फक्त तुम्हीच बघितलेला!"

"आणि वाटून कमी होत नाही ते कसं?" महाराजांनी विचारले.

येसू बाजूला बसलेल्या राणीसाहेबांकडे वळली. "राणीसाहेब, शेजारी विरजण दिलं म्हणून आपलं दही आटतं का?"

"मुळीच नाही!" राणीसाहेब म्हणाल्या.

शेठने सिंहासनाचा हात घट्ट धरला. "पण करार तो करार! मी उतरणार नाही."

"खरं आहे," येसू म्हणाली. "सकाळपासून बसलात. ताक तरी घ्या."

शेठने एका दमात पेला रिकामा केला.

"आता तळ वाचा."

तळाशी सुईने कोरले होते : हे ताक पिणारा दर गुरुवारी दिवसभर येसूच्या गोठ्यात शेण काढील.

"फसवणूक!" शेठ ओरडला. "मी हे वाचलंच नव्हतं!"

"महाराजांनी तरी कुठं वाचलं होतं?"

"पण ते ताकाखाली होतं!"

"ओतून बघायचं, शेठ. माझी एकच ओळ. तुमची नऊशे पानं! आता करार तो करार. उठा, म्हशी वाट बघताहेत."

शेठ टुणकन खाली उतरला. "दोन्ही करार फाडा! आत्ताच्या आत्ता फाडा!"

महाराज इतके हसले की मुकुट ताकाच्या घागरीत पडला. त्यांनी येसूला आणखी सात म्हशी दिल्या आणि राजवाड्यातल्या संगणकाची किल्लेदारीही दिली. फर्मान पुढे आले. येसूने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

मग म्हणाली, "मान्य!"