विचारणारा तांडेल

"मगे लोक भांडतत कित्यावरसून?" झोपडीतल्या म्हाताऱ्या संन्याशाने, पुरीबुवांनी विचारलं.

"तांच तर माका कळना नाय," हरेश्वर म्हणाला.

हरेश्वर खोबरेकर गावच्या रापणीचा तांडेल. समुद्रात लांबलचक जाळं सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या गावकऱ्यांनी किनाऱ्यावरून ओढायच्या, ती रापण. तिचा म्होरक्या तो तांडेल. बाप वारल्यावर हा मान हरेश्वरकडे आला आणि त्याने ठरवून नवी रीत घातली.

"बापाशीन कधी कोणाक विचारल्यान नाय. मी सगळ्यांका विचारतंय. रापण खंय मारूची, होडी कधी लोटूची, सगळां! येवढां करून काल एका बाजून मुद्दाम दोरी ढिली सोडल्यानी. बांगडो हातचो गेलो. आता अर्धे म्हणतत, आजपासून आमी तुझ्या रापणीर नाय."

बोलता बोलता त्याचा आवाज कापरा झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची रापण आपल्या हातून फुटणार, ही लाज त्याला खात होती. पण ताठा काही सुटत नव्हता. चांगलं करायला जावं तर लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, असंच त्याचं म्हणणं.

बुवा चुलीजवळ सरकले.

"चाय होयी की पेज?"

"चाय."

बुवांनी वाडगाभर पेज पुढे ठेवली. म्हातारपण, दुसरं काय! हरेश्वरने ती मुकाट्याने प्यायली.

"हय बसतंस की भायर?"

"भायर बसूया. हय धूर जाता डोळ्यांत."

बुवांनी झोपडीचं दार ओढून घेतलं आणि चुलीत आणखी एक ओलं लाकूड सारलं.

"बरां... काल बाबल काय बोललो होतो?"

बाबल कुबल म्हणजे रुसलेल्यांचा पुढारी.

"बोललो, खाडीच्या तोंडार मारूया."

"आणि तू खंय मारलंस?"

"खडपाकडे. दर्या माका कळता, बुवा. म्हणच आसा मां, ऐकावे जनाचे, करावे मनाचे."

"आसा, आसा." बुवांनी मान डोलावली. "आणखी पेज होयी?"

"नको!"

बुवांनी वाडगा काठोकाठ भरला.

आता मात्र हरेश्वरचा पारा चढला. "तुमच्याच मनासारखां करूचां, तर माका विचारतास कित्याक?"

बुवांनी भरलेला वाडगा त्याच्यापुढे सरकवला. चुलीतलं लाकूड धुमसत राहिलं...

हरेश्वरचा चेहरा हळूहळू उतरला. हेच वाक्य काल बाबल त्याच्यावर ओरडला होता, भर किनाऱ्यावर, सगळ्यांच्या देखत. त्याला तेव्हा तो नुसता उर्मटपणा वाटला होता.

तो उठला. मागोमाग बुवाही निघाले.

किनाऱ्यावर माणसं दोन टोळकी करून बसली होती. मधे होडी, होडीत जाळं, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हरेश्वर थेट बाबलसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबल, खंय मारूया?"

"सांगलंय मां काल. खाडीच्या तोंडार," बाबल मान न वळवता म्हणाला.

हरेश्वरने पाण्याकडे पाहिलं. खडपाकडे, खडकांच्या बाजूला, पक्षी घिरट्या घालत होते. मासा तिकडेच आहे, असं त्याचा जीव सांगत होता.

"लोटा होडी," तो म्हणाला. "खाडीच्या तोंडार."

बाबलने आता मान वळवली. माणसं एकमेकांकडे बघत, कपड्यांची वाळू झटकत उठली. दोन्हीकडची उठली. होडी पाण्यात गेली.

हरेश्वर बुवांच्या कानाशी आला. "बुवा... आणि रापण रिकामी इली तर?"

बुवांनी छाटी वर खोचली आणि वाळूत पडलेलं दोरीचं टोक उचललं.

"मगे ती सगळ्यांची रिकामी येतली."