फटफटीला मोटारीचा टायर

“बाबा, आशीर्वाद द्यायला एवढा विचार कशाला लागतो?”

मठाच्या ओट्यावर घोंगडी अंथरून पाय खाली सोडून सोमगिरीबाबा बसले होते. समोर हात जोडून उभ्या असलेल्या धैर्यशीलकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते अंगणातल्या त्याच्या भल्यामोठ्या फटफटीकडे बघत होते.

उद्या पहाटे धैर्यशील त्या फटफटीवरून लडाखला निघणार होता. एकटाच. जाण्याआधी मठात जाऊन येऊ, असा त्याच्या बायकोनं, पद्मजानं, हट्टच धरला होता. त्याचीही ना नव्हती. तो बाबांचा जुना शिष्य, स्वतःच्या मते तर पट्टशिष्य. आशीर्वाद हवा होताच, आणि खरं सांगायचं तर थोडी वाहवाही हवी होती.

“मागचं चाक असं चपटं का दिसतंय रे?” बाबांनी विचारलं.

याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता.

“मोटारीचा टायर बसवलाय, बाबा. फटफटीचा टायर गोल असतो, लवकर झिजतो. हा झिजता झिजत नाही. गॅरेजवाला म्हणाला, साहेब, वेडेपणा करू नका, वळणावर गाडी कलणार नाही. वर्ष झालं त्याला, हिला मागं बसवून सगळीकडे हिंडतोय. आत्तासुद्धा याच घाटानं वर आलो. काय झालं? काही नाही.”

“काही नाही...”

“हात पाहिजे, बाबा. ज्याला चालवता येते त्याला टायर कुठलाही चालतो.”

गर्वाचं घर खाली म्हणतात. धैर्यशीलचं सध्या घाटमाथ्यावर होतं.

पद्मजा फटफटीपाशीच उभी होती. उतरल्यापासून तिचा एक हात कमरेवर होता. बाबांनी ते पाहिलं होतं. धैर्यशीलनं पाहिलं नव्हतं.

“समोर जत्रेचं मैदान आहे,” बाबा म्हणाले. “मधल्या पिंपळाला एक फेरा घालून दाखव. घाटात वळवतोस तसाच. एकट्यानं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

धैर्यशील हसला. हेल्मेट चढवलं, फटफट करत मैदानात गेला, वेग घेतला. पिंपळ जवळ आल्यावर तो सवयीनं गाडी कलती करायला गेला.

गाडी कलेना.

त्यानं जोर लावला. हटून बसलेल्या बैलासारखी ती ताठच राहिली, पिंपळ मागं टाकून सरळ गेली आणि मैदानाच्या कडेला रचलेल्या कडब्याच्या गंजीत घुसली. मठातली कुत्री भुंकायला लागली. लागलं-बिगलं काही नाही. डोक्यावर तेवढा कडबा.

“खडी होती तिथं,” तो परत येऊन म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

“असेल,” बाबा म्हणाले. “आता हिला बसव मागं.”

पद्मजा मुकाट्यानं बसली. तोच वेग, तोच पिंपळ. या खेपेला गाडी अशी अलगद वळली की बघत राहावं.

“बघितलंत?” धैर्यशील तिथूनच ओरडला.

“मी बघितलं!” बाबांनी ओट्यावरून आवाज दिला. “आता तू बघ. आणखी एक फेरा घाल, अन् वळताना मागं बघ!”

मागं? गाडीचे आरसे त्यानं केव्हाच काढून टाकले होते. रुबाबाला आडवे येतात म्हणून.

पिंपळ जवळ आला. त्यानं मान वळवली...

पद्मजा सीटवर नव्हतीच.

एक पाय सीटला अडकवलेला, एका हातानं मागचा दांडा आवळलेला, आणि बाकी सगळी ती बाहेर, पिंपळाच्या बाजूला, जमिनीवर ओणवी. वेणी धुळीला टेकायला आली होती. दातओठ खाऊन, सगळा भार टाकून ती गाडीला आत ओढत होती.

गाडी कशीबशी थांबली.

आणि मग त्याला घाट आठवला. एकेक वळण, खालची दरी... आणि दरीवर ही अशी लोंबकळत असताना पुढं बसून आपण शीळ घालत होतो.

“हे... हे केव्हापासून?”

“टायर बसवला तेव्हापासून.”

“प्रत्येक वळणावर?”

“त्याशिवाय वळत नाही हो ती.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. तुम्ही म्हणालात, मागं बसणाऱ्यानं गप्प बसावं.”

“आणि उद्यापासून मी...”

“एकटे,” पद्मजा म्हणाली, आणि इतका वेळ आवरून धरलेलं तिचं रडू फुटलं. “म्हणून तर म्हटलं, आधी बाबांना भेटू.”

धैर्यशील गाडीवरून उतरला. गाडी त्यानं तिथंच सोडली. मैदान ओलांडून तो ओट्यापाशी आला. पद्मजा त्याचं हेल्मेट घेऊन मागोमाग आली आणि दोन पावलांवर थांबली, कमरेवर हात ठेवून.

“बाबा... आज तुम्ही माझा जीव वाचवलात.”

त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकायला आणि बाबांनी पाय वर घोंगडीवर ओढून घ्यायला एकच गाठ पडली.

त्याचं कपाळ ओट्याच्या नुसत्या दगडाला टेकलं. इतक्या वर्षांत बाबांनी असं कधी केलं नव्हतं. तो तसाच वाकून राहिला, पार भांबावून.

“बाबा?...”

“मागं बघ,” बाबा म्हणाले.