विहिरीच्या तळातून आलेली ओळ

गोदाकाठच्या निंबारी गावी त्या वर्षी याकोब महाराजांचा मुक्काम होता. प्रभू येशूचे गुणगान ते कीर्तनातून सांगत. अंगात जाडीभरडी बंडी, हातात चिपळ्या आणि निजायला वाडीतल्या प्रार्थनामंदिराचा ओटा. महाराज लोण्याहून मऊ होते, पण गरिबाचा छळ दिसला की त्यांचा क्रोध आवरत नसे. तो क्रोध निंबारीने एकदा पाहिला, त्याची ही हकिकत.

वाडीत शिमोन आणि मार्था हे जोडपे राहत होते. दोघेही बळवंतराव पाटलांच्या नव्या विहिरीवर कामाला होते. शिमोन तळाशी खणायचा. मार्था वर मातीच्या पाट्या वाहायची आणि महाराजांनी शिकवलेले भजन म्हणायची:

धरिला जो हात, देवा, सोडशील कैसा।
दिला जो शब्द तुवा, मोडशील कैसा॥

पाटील बाजेवर बसून हसत. "तुझा देव काय माझा सालगडी आहे, शब्दाला बांधून राहायला?"

वरची माती भुसभुशीत आहे, आधी दगडी बांधकाम करून घ्या, असे शिमोनने त्यांना दोनदा विनवले होते. पाटलांना पाण्याची घाई होती. सोमवारी सकाळी विहिरीची कड ढासळली आणि शिमोन मातीखाली गेला.

गड्यांनी दिवसभर माती उपसली. मंगळवारी दुपारी पाटील आले आणि म्हणाले, "पुरे आता. मेलेल्या माणसापायी उरलेली कडही जाईल. बुजवून टाका."

गड्यांनी फावडी खाली ठेवली. तेवढ्यात महाराज तिथे पोहोचले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बळवंतराव, त्याला खाली तुम्ही घातलेत," महाराज म्हणाले. "जिवंत असो की मेलेला, तो वर येईपर्यंत या विहिरीत मूठभर माती पडली, तर आधी तुम्हाला मला पुरावे लागेल."

पाटलांनी मान फिरवली. महाराज मार्थेकडे वळले. ती दगडासारखी बसून होती.

"मार्थे, भजन म्हण."

"न्हाई म्हणणार," ती ताडकन म्हणाली. "कालपासनं एक ओळ तोंडातनं काढली न्हाई मी. शब्द त्यानंच मोडला, म्हाराज. मी खोटं कशाला गाऊ?"

लोकांना वाटले, आता महाराज तिला रागावतील. पण त्यांनी वर पाहिले आणि कठोर आवाजात म्हटले, "प्रभो, ही तुझ्यावर संतापली आहे. मीही संतापलो आहे." मग ते तिला म्हणाले, "अगं, भजनात आपण त्याला विचारतोच आहोत ना, सोडशील कैसा? गोडीने म्हणवत नसेल तर रागाने म्हण. जाब विचार त्याला."

मार्था उठली. विहिरीच्या काठाशी जाऊन तिने मुठी आवळल्या आणि पहिली ओळ अक्षरशः ओरडली. तिचा आवाज फाटला, पुढची ओळ येईना.

सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत तळातून, मातीच्या आडून, अगदी क्षीण आवाजात दुसरी ओळ आली.

मग कोणाला सांगावे लागले नाही. महाराज स्वतः पाटी घेऊन गड्यांबरोबर उतरले. दिवस कलायच्या आत शिमोन बाहेर आला. एक मोठी शिळा तिरपी अडकून त्याच्यावर छपरासारखी राहिली होती. घोटभर पाणी पिऊन तो मार्थेला म्हणाला, "तू कालपासनं गात व्हतीस, म्हणून मी तग धरला. कानाशी बसून गावं, असं ऐकू येत व्हतं."

मार्था म्हणाली, "मी आत्ता ओरडले तेवढंच. त्याआधी मी गायलेच न्हाई."

महाराजांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

बळवंतरावांनी पागोटे काढले आणि ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही," ते म्हणाले, "तिथे."

पाटील मार्थेपुढे गेले आणि त्यांनी मातीवर कपाळ टेकले. "चुकलो, बाई. बांधकाम केल्याशिवाय यापुढे माणूस खाली उतरवणार नाही. शब्द देतो."

मार्था शिमोनच्या डोळ्यांतली माती पदराने पुसत होती. तिचा राग अजून उतरला नव्हता. ती म्हणाली, "द्या. पण तुमचा शब्द आमी रोज हितं येऊन बघणार."

पाटील उठले, बाह्या सारल्या आणि कोणाला हाक न मारता बांधकामाचा पहिला दगड त्यांनी स्वतः उचलून काठाशी आणला.