पूजेतला हातोडा

गाव हळदीच्या पेठेचं होतं. त्या गावात सिद्रामप्पा शेटे नावाचा एक व्यापारी राहायचा, आणि पेठ त्याला एका सवयीमुळे ओळखायची. रोज संध्याकाळी गोदाम बंद केलं की तो प्रत्येक कुलूप हाताने ओढून बघायचा. ओढायचा, थोडा पुढे जायचा, परत यायचा, पुन्हा ओढायचा. लोक चेष्टा करायचे. "आण्णा, ओढून ओढून कुलूपच तोडाल एखाद दिवशी!" सिद्रामप्पा म्हणायचा, "हसा लेको, हसा. माझ्या गोदामातून आजवर हळकुंडाचा तुकडा गेलेला नाही." ते खरंच होतं. त्यामुळे जपणूक कशी करायची हे आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असं त्याला वाटायला लागलं. आणि माणूस फसतो तो इथंच, बघा.

घरात बायको गिरिजाक्का, मुलगा बसवराज, सून उज्ज्वला आणि अडीच वर्षांची नात मैत्रेयी. मैत्रेयी हे नाव फक्त पाळण्यात घेतलं तेवढंच. सगळे तिला मिठू म्हणायचे, कारण ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची. बोलायला माणूस नसलं तर हळदीच्या पोत्याशी बोलायची. गप्प बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी नवरात्रात सिद्रामप्पाने नवी मोटार घेतली. उज्ज्वलाच्या भावाने भाचीसाठी गाडीतली खुर्ची पाठवली. लहान मुलांची असते ना, मागच्या सीटवर पक्की बसवायची आणि लेकराला तिच्यात बसवून पट्टे लावायचे, तशी. उज्ज्वला हरखून गेली. सिद्रामप्पाने मात्र नाक मुरडलं.

"पोरगी काय चोर आहे होय, बांधून घालायला? आजीची मांडी कशासाठी आहे मग?"

"आण्णा, गाडीला धक्का बसला तर मांडीवरचं लेकरू हातात राहत नाही," उज्ज्वला हळूच म्हणाली.

"गाडी मी चालवणार आहे. धक्का बसेलच कसा? आणि एवढी चांगली वस्तू, दोन दिवसांत मळवून टाकाल. ठेवा वर."

मग ती खुर्ची प्लॅस्टिकच्या पिशवीसकट माळ्यावर गेली. गाडीच्या सीटांवरचं प्लॅस्टिकही त्याने काढू दिलं नव्हतं. आता वस्तू जपायची म्हणजे ती वापरायचीच नाही, हे कुठलं शहाणपण? पण विचारणार कोण?

गाडी दुकानातून घेताना तिथल्या माणसाने मागच्या दाराच्या कडेला असलेली एक बारीक खिट्टी दाखवली होती. "काका, ही अशी लावली की मागचं दार आतून उघडत नाही. घरात लहान मूल आहे ना?" सिद्रामप्पा म्हणाला, "मला कुलपं शिकवतोस काय रे?" आणि खिट्टी तशीच राहिली. घरी येताना मिठू आजीच्या मांडीवर बसून दाराशी खेळत होती. पेठेच्या वळणावर तिने कडी ओढली आणि दार सताड उघडलं. गिरिजाक्काच्या मुठीत तिचा फ्रॉक आला म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते बोलवतसुद्धा नाही. गिरिजाक्काने तिला छातीशी आवळून धरलं. सिद्रामप्पा पुढून हसला. "बघितलंस का, नात कसली हुशार आहे माझी! दार उघडायला शिकली."

देवाने एकदा सांगून पाहिलं होतं. ऐकलं कोणी नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी पेठेत कोणी तराजूला हात लावत नाही. पोटाला घालणारी जी जी अवजारं, ती धुऊन पुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत जागची हलवायची नाहीत. शेट्यांच्या घरी ही पूजा गिरिजाक्का मांडायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिने ती कधी कोणाला मांडू दिली नव्हती. तराजू, वजनं, पोती ओढायचे आकडे, कोयता, नटबोल्टचे पाने, गोदामाची कुलपं आणि खोक्यांचे खिळे ठोकायचा जुना जड हातोडा. गोदामात झेंडूच्या माळेखाली सगळं ओळीने मांडलं होतं. या दिवशी अवजार उचललं तर घराला आग लागते, असं सिद्रामप्पाने वडिलांकडून ऐकलं होतं. वडिलांच्या वेळी कोणी तरी आकडा उचलला होता आणि त्याच उन्हाळ्यात गोदाम जळालं होतं म्हणे. खरं काय आणि खोटं काय, ते त्या वडिलांनाच माहीत. पण ती भीती त्याच्या हाडांत बसली होती.

गाडीचीही पूजा झाली. गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत ती भर उन्हात उभी होती. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. चाव्या दोन होत्या. दोन्हींची पूजा एकत्रच व्हायला हवी, असं सिद्रामप्पाने ठरवलं. एक चावी त्याने गाडीतल्या छोट्या देवापुढे ठेवली, तिच्यावर फूल वाहिलं. दुसरी मिठूच्या हातात दिली आणि तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं.

"घरची लक्ष्मी आहे ती! हिच्या हातात चावी शोभते. बसवराज, काढ फोटो."

फोटो काढला. तेवढ्यात आत आरतीची घंटा वाजली. उज्ज्वला मिठूला घ्यायला पुढे आली, तर मिठूने चावी छातीशी धरली आणि भोकाड पसरलं.

"राहू दे गं," सिद्रामप्पा म्हणाला. "आरतीच्या वेळी रडारड नको. गाडीतच तर आहे, जाते कुठे?" बाहेर धूळ होती, म्हणून त्याने गाडीचं दार लावून घेतलं. आणि रोज कुलूप ओढून बघणारा हा माणूस तिथून वळला तो आत गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मिठूने चावीवरचं बटण दाबलं. चारही दारं एकदम लॉक झाली. आणि या गाडीत लॉक आधी सोडवल्याशिवाय आतली कडी ओढूनही दार उघडत नव्हतं. त्या आवाजाची तिला गंमत वाटली असेल. मग चावी हातातून निसटली आणि सीटखाली गेली.

आरती संपवून सगळे बाहेर आले, तेव्हा मिठू काचेवर हात आपटून रडत होती. बसवराजने एकेक दार ओढून पाहिलं. उघडेना. दुसरी चावी कुठाय, म्हणेपर्यंत सगळ्यांना ती समोरच दिसली. काचेच्या आत, देवापुढे, फुलाखाली.

ऑक्टोबरचं ऊन होतं ते. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. आत काचा वर होत्या, वाऱ्याला फट नव्हती. "मिठू, चावी घे बाळा! खाली बघ, चावी!" उज्ज्वला ओरडत होती. अडीच वर्षांचं घाबरलेलं लेकरू, त्याला काय कळणार? ते आईकडेच हात करत होतं. बसवराजने गाडीच्या दुकानात फोन लावला. सण असूनही तिथल्या भल्या माणसाने फोन उचलला. तालुक्याहून निघतो म्हणाला, पण पोचायला वेळ लागेल, तोवर काच फोडा, असंही त्याने सांगितलं.

बसवराजने दगड उचलला. सिद्रामप्पाने त्याचा हात धरला.

"अरे, आज नको! पूजेच्या दिवशी नव्या गाडीची काच फोडतोस? माणूस निघालाय ना, येईल."

बसवराजने बापाचा शब्द कधी मोडला नव्हता. तो दगड हातात घेऊन तसाच उभा राहिला. उज्ज्वलाने त्याच्या हातातून दगड ओढून घेतला आणि काचेवर मारला. गुळगुळीत दगड तो, काचेवरून सटकून गेला आणि तिचंच बोट फुटलं. सिद्रामप्पा पुटपुटत होता, "येईल, येईल तो. देव आहे आत तिच्याजवळ."

आणि मग मिठू गप्प झाली.

रडणं थांबलं, म्हणून क्षणभर सिद्रामप्पाला बरंसुद्धा वाटलं. गिरिजाक्काला मात्र तसं वाटलं नाही. झोपेतही बडबडणारं लेकरू होतं ते. तिने काचेला डोळे लावले. मिठूचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि मान एका बाजूला कलली होती.

गिरिजाक्का तडक वळली. ती गोदामात गेली, पूजेसमोर उभी राहिली, झेंडूची माळ बाजूला सारली आणि हातोडा उचलला. बाहेर आली तेव्हा हातोड्यावरचं हळदकुंकू तिच्या तळव्याला लागलं होतं. तिने तो नवऱ्यापुढे धरला.

"घ्या. मारा."

"अगं, तू... पूजेतला उचललास? घराला आग लागेल, गिरिजा!"

"आग आत लागलीया, दिसत न्हाई व्हय तुम्हाला?"

सिद्रामप्पाचा हात पुढे आला आणि थांबला. खरंच थांबला. आयुष्यभर ऐकलेली भीती त्या हाताला धरून बसली होती. नात डोळ्यांसमोर मरत होती आणि त्याचा हात उठत नव्हता.

"पूजा मी मांडली व्हती," गिरिजाक्का म्हणाली. "मोडायची तर मीच मोडते. पाप लागलं तर मला लागू दे. व्हा बाजूला!"

तिने मागच्या दाराची काच निवडली, लेकरापासून लांबची. पहिला घाव घसरला. दुसरा तिने कोपऱ्यावर घातला आणि काचेचा चुरा खाली आला. बसवराजने हात घालून आतलं लॉक सोडवलं आणि दार उघडलं. उज्ज्वलाने आत शिरून मिठूला ओढून घेतलं. पोर हातात ओल्या फडक्यागत लोंबत होती. तिला सावलीत नेलं, अंगावर पाणी घातलं, ओलं लुगडं गुंडाळलं आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात पळवलं.

डॉक्टर बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी आधी कपाळ पुसलं. "वाचली," ते म्हणाले. "त्या माणसाची वाट बघत बसला असतात, तर मी तुम्हाला हे सांगू शकलो नसतो." सिद्रामप्पाने भिंतीचा आधार घेतला आणि तो खाली बसला. मोठ्याने रडला. पेठेतला मोठा माणूस, सगळ्यांसमोर रडला. त्याला कोणी गप्प बस म्हणालं नाही.

संध्याकाळी तो गोदामावर आला. सवयीने दार लावलं, कुलूप घातलं आणि ओढलं. दोन पावलं गेला, वळला, पुन्हा ओढलं. हात कुलपावर तसाच राहिला. आत होती हळद. पोत्यांत भरलेली, वाळलेली, मेलेली हळद. तिच्यासाठी तो रोज वळून यायचा. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली, की कुलूप हातातून सोडवेना.

दुसऱ्या दिवशी दसरा. मिठूला घरी आणायचं होतं. सिद्रामप्पा पहाटेच माळ्यावर चढला. खुर्ची खाली काढली आणि तिचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. तेच प्लॅस्टिक त्याने फुटक्या काचेच्या जागी चिकटवलं. मग खुर्ची मागच्या सीटवर ठेवून तो किती तरी वेळ पट्ट्यांशी झटापट करत बसला. जगातली सगळी कुलपं आपल्याला कळतात म्हणणारा माणूस, पण पट्टा कुठून कुठे जातो ते त्याला कळेना. शेवटी त्याने खुर्चीबरोबर आलेला माहितीचा कागद मुलाला वाचायला लावला आणि दोघांनी मिळून ती पक्की बसवली. दाराची ती बारीक खिट्टीही लावली. एक चावी स्वतःच्या खिशात घातली, दुसरी गिरिजाक्काच्या कमरेच्या जुडग्यात अडकवली.

दवाखान्याच्या दारात त्याने सुनेला हात जोडले. "उज्ज्वला, पट्टे कसे लावायचे ते दाखव बाई मला. आता रोज मी लावणार."

उज्ज्वलाने दाखवलं. पट्टा खटकन बसला. सिद्रामप्पाने तो ओढून बघितला. दार लावलं, चार पावलं पुढे गेला, परत आला, दार उघडलं आणि पुन्हा ओढून बघितला. आज कोणी हसलं नाही.

गाडी निघाली. मिठूला बांधून घेणं मुळीच आवडलं नाही. "शोड! आजा, मला शोड! चावी दे!" तिने असा काही गळा काढला, की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. फाटकं प्लॅस्टिक फडफडत होतं आणि मिठू रडत होती.

बसवराजला राहवेना. "आण्णा, द्यायची का तिला ती दुसरी चावी थोडा वेळ? गप्प तरी बसेल."

सिद्रामप्पाने गाडी अजून हळू केली. त्याचे डोळे भरून आले होते.

"नको," तो म्हणाला. "गप्प नको बसवू तिला. ती गप्प बसली होती ते मी ऐकलंय."

मिठू घरापर्यंत रडली, आणि घरातला प्रत्येक जण तो आवाज जिवाचे कान करून ऐकत होता.

तात्पर्य: लेकराच्या हट्टासाठी त्याच्या हाती गाडीची चावी देऊ नये, पट्टा सोडू नये आणि क्षणभरही त्याला गाडीत एकटं ठेवू नये. रडणारं लेकरू उगी करता येतं. जिवाला जपणारी वस्तू पूजेला ठेवून जीव जपला जात नाही, ती वापरावी लागते. आणि वेळ आलीच, तर जिवापुढे काच काय आणि रीत काय, दोन्ही मोडायला हात कचरता कामा नये.