कॅमेऱ्याचं झाकण

गोष्ट तशी जुनी नाही, पण कॅमेऱ्यांच्या हिशेबाने दोन पिढ्यांपूर्वीची.

शशिकांत भुवड लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्या कॅमेऱ्याच्या पोटातली बॅटरी एक इवलंसं झाकण सांभाळायचं. मग शशिकांतने बॅटरी ग्रिप आणली. तिच्यात दोन बॅटऱ्या मावत, पण ती खालून जोडायची तर झाकण काढावं लागे. ते हरवू नये म्हणून ग्रिपमध्येच एक खाच होती.

खाचेत जाताना झाकण म्हणालं, "लागलं तर हाक मार रे."

"आता तू कशाला लागतंयस?" कॅमेरा हसला. दोन बॅटऱ्यांच्या तोऱ्यात त्याने पुन्हा झाकणाची चौकशीही केली नाही.

एका लग्नात दुसरा फोटोग्राफर, फय्याज, घाईघाईने ग्रिप मागायला आला. "ने बाबा, माझी पाठवणीच राहिलीय, एक बॅटरी पुरेल," म्हणत शशिकांतने ग्रिपमधली एक बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली आणि ग्रिप दिली. फय्याज मोटरसायकलवरून निघून गेला.

पाठवणीला नवरीच्या खांद्यावर डोकं टेकून बाप ढसाढसा रडला. शशिकांत बटण दाबत राहिला. बॅटरी भरलेली होती, पण झाकण लागल्याशिवाय तो कॅमेरा सुरूच होत नसे.

"अरे देवा, झाकण ग्रिपमध्येच गेलं!" शशिकांत ओरडला.

कॅमेऱ्याने खूप हाका मारल्या.

संध्याकाळी ग्रिप परत आली. झाकण टक्कन जागेवर बसलं आणि कॅमेरा उजळला. समोर रिकामा मांडव होता.

"आठवण काढलीस, बरं वाटलं," झाकण म्हणालं. "दाखव ना, पाठवणीचा फोटो कसा आलाय?"