सालीसकट उभा केलेला खांब

फार जुनी गोष्ट आहे. समुद्रापलीकडच्या घनदाट अरण्यात, एका अवाढव्य नदीच्या काठी एक गाव होतं. नदी चढली की सारं गाव टेकाडावरच्या सभाघरात राहायला जाई. सभाघराचा भार एका मधल्या खांबावर असे, आणि तो उभारणाऱ्या सुताराच्या घरच्यांना त्या खांबाला टेकून बसायचा मान मिळे.

खांबाची साल सोलायची, तो महिनाभर चिखलात पुरायचा आणि मगच उभा करायचा, असा नियम होता. कारण सालीच्या फटीत लांब मिशांचा भुंगा अंडी घालतो आणि त्याची अळी लाकूड खात आत शिरते. पण सुताराला घाई झाली होती. "एका खेपेनं काय होतंय," असं म्हणत त्यानं खांब सालीसकट उभा केला.

वर्षभरानं खांबाच्या बुंध्याशी मूठभर भुसा दिसला. लोक काय म्हणतील, या धास्तीनं सुतारानं तो गुपचूप झाडून टाकला. मग रोज सकाळी सगळ्यांच्या आधी झाडू घेऊन जायची त्याला सवयच लागली. खांबाला कान लावला की आतून कर्र कर्र ऐकू येई.

नदी चढली. गाव सभाघरात जमलं. सुताराची लेक तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन मानाच्या जागी बसली.

"बाबा, खांब आतून वाजतोय बघा," ती हसत म्हणाली.

बाळाच्या टाळूवर भुसा पडला होता. सुतारानं ते पाहिलं. "ऊठ. सगळेच बाहेर पडा. मी साल सोलली नव्हती," तो कसाबसा म्हणाला.

शेवटची म्हातारी उंबरा ओलांडते तोच खांब मोडला आणि छप्पर भुईला टेकलं. मोडक्या लाकडातून तळहाताएवढा भुंगा बाहेर आला आणि मिशा हलवत निघून गेला.

माणसं वाचली, पण पूर ओसरेपर्यंत लेकराबाळांसकट भर पावसात उघड्यावर कुडकुडत राहिली. गावची वडीलधारी बाई सुताराला म्हणाली, "साल राहिली, ते आम्ही पोटात घातलं असतं. तू रोज झाडत होतास, ते कसं घालू?"

लेकीनं बाळाची टाळू पुसली आणि ती दुसरीकडे जाऊन बसली. पुढचा खांब गावानं दुसऱ्याकडून करून घेतला.

बोध: चूक कबूल करायला भिणारा माणूस आपल्याच माणसांना धोक्याखाली बसवतो.